नऊ ग्रॅमची विद्या

मंडीहून मनालीला निघालेली मराठी सहलीची बस औटच्या बोगद्यात शिरते आणि आत चिवड्याचे डबे उघडतात. बोगद्याअलीकडेच उजवीकडे वळलं, तर लारजी, बंजार आणि मग तीर्थन नदीकाठचं गुशैणी. इंग्रजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हिमाचलच्या थंड पाण्यात आणून सोडलेला ब्राउन ट्राउट इथे अजून नांदतो, आणि फ्लाय फिशिंगला आलेला नवखा गडी लांबूनच ओळखू येतो. खिसेच खिसे असलेलं जाकीट, छातीपर्यंत चढवलेली रबरी विजार, गळ्यात कात्री-चिमटा आणि पिसांच्या फ्लायनी गच्च भरलेल्या डब्या. यातलं बरंचसं सामान माशासाठी नसून फोटोसाठी असतं, असं माझं ठाम मत आहे. पैसा ओतायचाच तर दोरीत ओतावा, आणि उरलेला जन्म ती फेकायला शिकण्यात घालवावा.

कारण साधं आहे. नेहमीच्या गळाला शिसं किंवा आमिष जड असतं. ते झेप घेतं आणि बारीक दोरा मुकाट्याने मागून जातो. फ्लाय म्हणजे आकड्याला धाग्याने बांधलेलं पीस. तिला वजन म्हणून नाही. कितीही त्वेषाने भिरकावली तरी पायाशीच पडायची. म्हणून इथे दोरी जड असते आणि फ्लाय फुकट प्रवास करते. काठीवर छापलेला आकडा या दोरीचाच. ५ नंबर म्हणजे टोकाकडच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सुमारे ९ ग्रॅम. ९ फुटी ५ नंबरी काठी आणि तिला जुळणारी दोरी, एवढ्यावर नवख्याचं भागतं. हे ९ ग्रॅम माणसाचा उतावीळपणा बरोबर हुडकून काढतात. काठी मागे नेऊन क्षणभर थबकायचं, दोरी पाठीमागे हवेत सरळ होऊ द्यायची, मगच पुढे. त्याआधीच हात पुढे आला, की चाबकासारखा कडाका होतो आणि फ्लाय तुटून झाडीत कायमची वस्तीला जाते.

महागडी काठी लांब फेकते, असं दुकानदार सांगतो. खोटं नाही, पण ती बहुधा ताठ असते आणि चुकलेली वेळ पोटात घालत नाही. शिवाय तीर्थनमध्ये लांब फेकायचं कुठे? ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड उभा असतो. खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून गेलं तर बरंच जवळ जाता येतं. मागे झाडी असेल तर रोल कास्ट करावा, म्हणजे दोरी मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडावी.

फ्लायच्या भक्तांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. हॅम्पशरच्या टेस्ट नदीवर मासे धरणाऱ्या फ्रेडरिक हॅलफर्डनी १८८६ साली तरंगत्या फ्लाय बांधण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नदीवर जो कीटक उडतोय त्याचीच हुबेहूब नक्कल हवी, हा त्यांचा आग्रह. पण टेस्ट संथ आणि नितळ. तिथल्या माशाला भिंग लावून परीक्षण करायची फुरसत आहे. तीर्थन दगडांवरून धावत सुटते; घास गिळायचा की सोडायचा, हे इथल्या माशाला निमिषात ठरवावं लागतं. त्याला खटकतं ते पाण्यापेक्षा वेगळ्या चालीने ओढली जाणारी फ्लाय, आणि तिला ओढते कोण? दोरीच. ती उचलून वरच्या अंगाला टाकली, की फ्लाय पुन्हा प्रवाहाच्या चालीने वाहते.

निसरड्या दगडांवर टिकणारे बूट आणि पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा हे दोन खर्च मात्र खरोखरच कारणी लागतात. परवानाही काढावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते. ते चार महिने सोसायटीच्या हिरवळीवर, आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करावा. वॉचमन चौकशीला येईलच. त्याला दोरीच्या पल्ल्याबाहेर उभं राहायला सांगावं.