कॉल संपल्यावर गाणे आपोआप सुरू होईल

मोबाइल आणि वॉकमन एकत्र करा, असा अर्ज मी कुठेही दिलेला नव्हता. दोन्ही वस्तू दोन खिशांत गुण्यागोविंदाने नांदत होत्या. पण २००५च्या सुमारास फोन बनवणाऱ्यांना आमच्या दुसऱ्या खिशाची दया आली. सोनी एरिक्सनने डब्ल्यू ८०० या फोनवर चक्क ‘वॉकमन’ असं छापलं, पाठोपाठ इतरही सरसावले, आणि घरच्यांनी वाढदिवसाला मला असाच एक गाणारा फोन दिला. नाकारणार कसा?

सोबतच्या पुस्तिकेत एक वाक्य होतं : कॉल आल्यास गाणे थांबेल, कॉल संपल्यावर आपोआप सुरू होईल. यातला पहिला अर्धा भाग कंपनीने शब्दशः पाळला. आलाप संपून बंदिशीचा मुखडा येणार, एवढ्यात एका बाईंना मला वैयक्तिक कर्ज द्यायचं असे. नको म्हटलं तर त्या कारण विचारत. कारण सांगून झालं की गाणं सुरू होई, मात्र यादीतलं पहिलं. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागलेली. त्यामुळे ‘ए’पासून सुरू होणारं एक गाणं मला इतकं पाठ झालं आहे की ते मी झोपेतही म्हणतो, असं घरचे सांगतात. ‘वाय’ने सुरू होणारा यमन मेमरी कार्डात होता, एवढीच माझी त्याची ओळख.

हे माझ्याच नशिबी होतं असंही नाही. ७ सप्टेंबर २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी मोटोरोलाचा रॉकर फोन दाखवला. गाणं लावलं, मध्येच कॉल घेतला, कॉल संपवला आणि गाणं काही परत येईना. चुकीचं बटण दाबलं गेलं, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. आमच्या घरीही हेच कारण निघतं; फक्त ते दुसरं कोणीतरी मला सांगतं. या रॉकरमध्ये कार्डावर जागा उरली असली तरी शंभरच्या वर आयट्यून्सची गाणी घालता येत नसत. एकशे एकाव्या गाण्याने काय पाप केलं होतं, हे त्याच कार्यक्रमात उघड झालं. जॉब्स यांनी जीन्सच्या चिमुकल्या खिशातून हजार गाण्यांचा आयपॉड नॅनो काढला. फोनला गाता येतं, पण फार गाऊ नये, अशी ती व्यवस्था होती.

पण हेडफोनच्या पिनेबद्दल मला याहून अधिक बोलायचं आहे. ही पिन मुळात टेलिफोनच्याच घरची. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बाई जी जाडजूड पिन काढून दुसऱ्या भोकात खुपसत, तिचीच लहान आवृत्ती पुढे ट्रान्झिस्टरला लागली आणि साडेतीन मिलिमीटर हे माप जगभर रुळलं. टेपरेकॉर्डर, वॉकमन, कॉम्प्युटर, कोणीही तिला नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं ते टेलिफोननेच. नोकियाने पॉप-पोर्ट काढला, सोनी एरिक्सनने फास्ट पोर्ट, आणि ज्यांना नवं नाव सुचलं नाही त्यांनी अडीच मिलिमीटरचं भोक पाडलं. माझ्याकडचा चांगला हेडफोन अर्थातच कशातही जाईना. फोनबरोबर आलेला जायचा, पण त्याच भोकात चार्जरही जायचा. म्हणजे फोनने एकतर जेवायचं नाहीतर गायचं. दिवसभर गायलेला फोन संध्याकाळी उपाशी पडे आणि कर्जवाल्या बाईंना ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ मिळे. हा त्याचा एकमेव गुण मी प्रांजळपणे नोंदवतो.

मग फोन मोठ्या स्पीकरला जोडावा म्हटलं. जीएसएम फोन बोलतो तो तुकड्या-तुकड्यांत, सेकंदाला सुमारे २१७ वेळा, आणि जवळच्या स्पीकरला ते ऐकू येतं. त्यामुळे घंटी वाजण्याआधीच तानपुऱ्यावर ‘टिक टिरिक टिरिक’ अशी साथ सुरू व्हायची. पूर्वी नुसता व्यत्यय यायचा, आता त्याची आगाऊ सूचनाही येऊ लागली.

कार्ड भरण्यासाठी स्टेशनबाहेरच्या दुकानात जावं लागे. दहा-वीस रुपयांत ‘गाणी भरून मिळतील’. कोणाची गाणी, कोणाच्या परवानगीने, हे विचारायची पद्धत नव्हती. मी भीमसेन जोशींचा ख्याल मागितला. बऱ्यापैकी ऐकण्याजोगं गाणं म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी, हा हिशेब दुकानातल्या मुलाला तोंडपाठ होता. चाळीस मिनिटांचा ख्याल पाहून त्याला खरोखर वाईट वाटलं. ‘‘काका, एवढ्या जागेत आठ गाणी बसतील,’’ तो म्हणाला आणि त्याने ती बसवली. सात डीजेची, एक गणपतीचं, तेही डीजेचं. गायकाच्या जागी प्रत्येक वेळी कुठल्यातरी वेबसाइटचं नाव. इतक्या आवाजांत गाणारी वेबसाइट मी तरी दुसरी ऐकली नाही.

या सगळ्यांतून सुटलेला एकच माणूस मला माहीत आहे. तो माझ्या लोकलमध्ये डोंबिवलीला चढायचा. त्याच्याकडे चायना मोबाइल होता. दोन सिम, पाठीवर जाळीदार स्पीकर. हेडफोन हा प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता, त्यामुळे पिनेचाही नाही. त्याच्या गाण्यातली कोंबडी ठाण्यापर्यंत सबंध डब्यात पळायची. ‘‘भाऊ, जरा आवाज कमी कराल का?’’ असं मी एकदा विचारलं. ऐकू येत नसेल असं वाटून त्याने तो वाढवला.

सरकारवर मात्र माझी भिस्त होती. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा ओळख-क्रमांक, नसलेले त्याच्यासारखे फोन १ डिसेंबर २००९पासून बंद होणार, अशी बातमी मी दोनदा वाचली. त्या सकाळी मी मुद्दाम त्याच्या शेजारी उभा राहिलो. फोन खरंच बंद पडला होता. नेटवर्क गेलेलं, कॉल येईना, जाईना. गाण्याला मात्र आयएमईआय लागत नाही. डोंबिवली ते ठाणे एकही कॉल मध्ये आला नाही आणि त्याचं प्रत्येक गाणं, पहिल्यांदाच, शेवटपर्यंत वाजलं.