एक अंगावर, एक दोरीवर

सकाळी नऊच्या सुमारास वर्ध्यात रामनगरहून गोपुरीकडे सायकल मारत निघालं, की मध्येच एखादं अंगण असं लागतं जिथल्या दर्शनी दोरीवर एक कुडता, एक पायजामा आणि एक बंडी वाळत असते. घरातल्या बाकीच्यांचे कपडे मागल्या दारी. ही दोरी राखीव. तिच्याखाली खुर्ची टाकून, पेपर वाचतो आहे असं दाखवत, एक गृहस्थ त्या तीन कपड्यांवर पहारा देत बसलेले असतात. कपडे चोरीला जातील म्हणून नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेतून सुटतील म्हणून.

हे आबाजी. खरं नाव काही का असेना, प्रत्येक वॉर्डात असा एक आबाजी असतोच. बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू असे तालुके फिरून शेवटी वर्ध्यात घर बांधलेला. पेन्शन चांगली, मुलगा पुण्यात, दाराशी गाडी. पण कपडे दोनच जोड: एक अंगावर, एक दोरीवर. तिसरा कशाला पाहिजे, हा त्यांचा सवाल असतो आणि त्याचं उत्तर ऐकून घ्यायची त्यांची तयारी नसते.

त्यांच्याशी बोलायला सुरुवात करायची एकच रीत आहे.

"काहून आबाजी, नवा कुडता?"

"नवा कायचा बाप्पा! विनोबा गेले त्या दिवाळीचा हाय."

विनोबांनी देह ठेवला तो 15 नोव्हेंबर 1982 रोजी, ऐन दिवाळीत, पवनारला. आबाजींच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला अशी तिथी असते. बंडी कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली त्या 1972 सालची. स्वेटर आणीबाणीतला. आता चाळीस वर्षं वापरून, पाट्यावर आपटून, उन्हात वाळवून खादीचा कुडता शिल्लक कसा राहील, असं मनात येतं खरं. नीट पाहिलं तर कॉलरची पट्टी एकदा उलटवून शिवलेली, बाह्या दुसऱ्या कुडत्याच्या, पाठ तिसऱ्याची, खिसा एका उशीच्या अभ्र्याचा. विनोबांच्या दिवाळीतल्या बहुधा गुंड्याच उरल्या असाव्यात. पण हे बोलून दाखवायची सोय नाही. कमी कपडे असण्याचा अभिमान कपाटभर कपड्यांच्या अभिमानापेक्षा जास्त जागा खातो, आणि त्याला कसरही लागत नाही.

या अभिमानाला वर्ध्याच्या मातीत खतपाणीही भरपूर. दुसऱ्या गावात दोन जोडांवर राहणाऱ्याला चिक्कू म्हणतात. इथं त्याच्यामागे थोरामोठ्यांची रांगच उभी असते आणि आबाजी ती बोटांवर मोजून दाखवतात. मदुराईला 22 सप्टेंबर 1921 रोजी गांधीजींनी टोपी आणि सदरा उतरवून पंचा नेसला, तो पुढे जगभर आणि सेवाग्रामच्या कुटीतही गेला. आबाजींना त्यातला एक तपशील फार प्रिय आहे. गांधीजींनी सुरुवातीला हा बदल 31 ऑक्टोबरपर्यंतच जाहीर केला होता. महिनाभराचा नेम जन्माला पुरला. "मी बी असंच म्हटलं होतं," आबाजी सांगतात, "यंदा नाही, पुढच्या साली घेऊ." ते पुढचं साल अजून लागायचं आहे.

मग येतात मगनवाडीचे जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबतपासनीस म्हणून शिकलेला, सुटाबुटातला हा माणूस 1929 मध्ये गांधीजींना भेटला, आणि 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याचा कारभार चालवायला वर्ध्याला येऊन राहिला. धोतराला कापड फार लागतं आणि काम करताना सोगे आवरत बसावं लागतं, म्हणून त्यांनी धोतर आणि पायजामा यांच्या अधलामधला एक प्रकार स्वतःच काढला: धोतीजामा. खरा अर्थशास्त्री, आबाजींच्या मते, तो हाच; बाकीचे नुसते अंदाजपत्रकं वाचतात. एकदा त्यांनी स्वतःसाठी धोतीजामा शिवून घ्यायचा बेत केला होता. शिंप्याने शिलाई सांगितली आणि बेत राहिला.

इतकं सगळं पटलेल्या माणसाला गांधीजींची एक गोष्ट मात्र आजतागायत पटलेली नाही. ती म्हणजे होळी.

31 जुलै 1921 रोजी मुंबईत परळला विलायती कपड्यांची मोठी होळी पेटली. जमनालाल बजाजांच्या घरातले विलायती कपडेही त्याच लाटेत आगीत गेले. शाळेत हा धडा शिकवताना आबाजींचा आवाज दाटून यायचा; मुलांना वाटायचं, देशभक्तीने. खरं कारण वेगळं होतं. एवढ्या रेशमाच्या किती गोधड्या झाल्या असत्या, हा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू असायचा. आणि या एका बाबतीत आबाजी एकटे नाहीत. माणसांनी हातांनी केलेल्या वस्तू जाळणं चार्ल्स अँड्र्यूजना सहन झालं नव्हतं, रवींद्रनाथांनीही हरकत घेतली होती, आणि उघड्यानागड्यांच्या देशात कापड का जाळता, हा प्रश्न साध्या माणसांच्याही तोंडी होता. जाळायचं नसेल तर ते परदेशी, स्मर्नाला, पाठवा अशी पळवाट गांधीजींनी ठेवली होती. पण गरिबाला वाटून टाका, हे त्यांना मान्य नव्हतं. आपल्याला नको झालेलं गरिबाच्या अंगावर टाकणं हा त्याचा अपमान आहे. त्याला उतरलेले कपडे नकोत, काम हवं आहे, असं त्यांचं 'यंग इंडिया'तलं उत्तर होतं.

या उत्तरापाशी आबाजी अडतात. कारण त्यांची स्वतःची अर्धी वस्त्रसंपदा दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेलीच आहे. एक पायजामा धाकट्या भावाचा, त्याचं पोट सुटलं तेव्हाचा. एक कुडता सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या कुण्या मुलाचा. 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी उभ्या केलेल्या या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी खादी घालावी असा दंडक आहे. पोरं डॉक्टर होऊन गेली की खादी मागे राहते, आणि परिटाच्या ओळखीने ती आबाजींपर्यंत पोचते. त्या कुडत्याच्या खिशावर फुटलेल्या पेनाचा निळा डाग आहे. आबाजी तो अंगात घालून बसले की शेजारणी त्यांना गुडघेदुखीवर औषध विचारतात, आणि तेही सांगतात.

काटकसरीचं श्रेय आबाजींचं, हे झालं गल्लीचं मत. आतल्या खोलीत दुसरी बाजू आहे. दोनच जोड म्हणजे धुणं रोज. पावसाळ्यात खादी वाळत नाही, म्हणून ती तव्यासारख्या तापवलेल्या इस्त्रीखाली रोज सुकवायची. रफू, ठिगळ, काज, नाडी, नीळ, खळ, सगळं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, हाती. "ह्यांचं अपरिग्रह व्रत," त्या म्हणतात, "अन् हात माये." त्यांच्या लग्नाला साठ वर्षं होत आली. आबाजींनी इतक्या वर्षांत कपड्यांवर किती वाचवलं याचा आकडा आबाजींच्या वहीत आहे. सुईत दोरा किती वेळा ओवला, याची वही कुणी ठेवलेली नाही.

बाईंना मात्र कापडाची खरी विद्या येते. आबाजी कपडा टिकवतात. बाई तो पुढच्या जन्माला घालतात. धोतर विरलं की मधोमध फाडून कडा आत घेऊन जोडायचं. ते विरलं की बाळुती. मऊ जुनेराशिवाय तान्ह्याला दुसरं काही लावायचं नाही, म्हणजे या मुलखात माणसाचा पहिलाच कपडा दुसऱ्याचा वापरलेला असतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बाळुत्यांतून निभावलं ते गोधडीत, गोधडीतून सांडलं ते चुंबळीत आणि पायपुसण्यात, आणि अगदीच जीर्ण सुताच्या वाती. साडीचा भाव तर याहून चोख: दारावर येणाऱ्या बोहारणीशी अर्धा तास घासाघीस करून चार साड्यांवर एक स्टीलची पातेली. आबाजी त्या वेळी घरात नसले तर सौदा चांगला होतो. ते असले की साड्यांच्या तिथी सांगत बसतात आणि बोहारीण भाव पाडते.

आबाजींच्या आख्यानात एक प्रकरण कधीच येत नाही. त्यांच्या ट्रंकेत तळाशी एक टेरिकॉटची पँट आहे, लग्नानंतर पहिल्या पगारात शिवलेली. तिला ठिगळ नाही, रफू नाही, रंगही गेलेला नाही. खादीचे किती अवतार होऊन गेले, पण टेरिकॉटला मरण नाही. स्वदेशीच्या या पाईकाकडे सगळ्यात काटकसरी कपडा निघाला तो पॉलिएस्टरचा. त्यावर बोलणं त्यांना आवडत नाही. खादी महाग का, यावर मात्र ते बोलतात, आणि बरोबर बोलतात: 1935 साली चरखा संघाने सूत कातणाऱ्या बायांना आठ तासांच्या कामाची पोटापुरती मजुरी द्यायची असं ठरवलं तेव्हा खादी महाग होणारच होती, आणि गांधीजींना ते ठाऊक होतं. गांधीजींच्याच हस्ते 1938 साली उघडलेल्या मगन संग्रहालयात आज नैसर्गिक रंगांची सुरेख खादी विकायला असते. आबाजी तिथं वारंवार जातात. कापड हातात घेतात, पोत तपासतात, किमतीची चिठ्ठी वाचतात, कातणारणीला योग्य मजुरी मिळाली म्हणून समाधानाने मान डोलवतात आणि परत येतात.

आणि हे सगळं कुठं, तर कापसाच्या जिल्ह्यात. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे गावाचं नाव कमी आणि लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या वाणाचं जास्त होतं. दिवाळीपुढे हिंगणघाट-देवळीच्या शेतात वेचणीला उतरलेल्या बाया पाहिल्या तर प्रत्येकीने लुगड्यावर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना शर्ट चढवलेला दिसतो. बोंडाचं टोक हाताला ओरबाडू नये, ऊन लागू नये म्हणून. आबाजींना या बायांचं कौतुक: पहा, काही वाया जात नाही! त्या बायांना कुणी तिसरा जोड दिला तर त्या तो तत्त्व म्हणून परत करतील का, हे आबाजींनी विचारलेलं नाही. दोन जोडांचं व्रत घ्यायला आधी तीन जोड परवडावे लागतात.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून नात आली. तिने सांगितलं की ती हल्ली कपडे सेकंडहँडच घेते, मोबाइलवर, 'थ्रिफ्ट' दुकानांतून. एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, हेही तिने सांगितलं. आबाजींचे डोळे भरून आले. घराण्याला वारस मिळाला! त्यांनी गल्लीत बोलावून बोलावून पोरीची ओळख करून दिली. संध्याकाळी तिने बॅग उघडली. वापरलेल्या जीन्स, वापरलेले फ्रॉक, कुण्या परदेशी आजीचा वाटावा असा कोट. पलंग दिसेना झाला.

"एवढं काहून घेतलं, बेटा?"

"स्वस्त होतं ना, आबाजी!"

आबाजींच्या आयुष्यात एवढा मोठा वैचारिक पेच आला नव्हता. जुनं आहे, म्हणून रागावता येईना. ढीगभर आहे, म्हणून शाबासकी देता येईना. शेवटी नातीनेच तोड काढली: नको असलेलं 'माणुसकीच्या भिंती'वर देऊन येऊ. नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या, असा हा प्रकार इराणातल्या मशहदमधून 2015 च्या सुमारास निघाला आणि बघता बघता आपल्याकडच्या गावोगावच्या भिंतींवर आला. आजोबा-नात पिशवी घेऊन गेले. येताना पिशवी गेली होती त्याहून जड होती. आबाजींना तिथं एक धडधाकट बंडी, दोन सदरे आणि एक शाल सापडली होती. घेणाऱ्याचा अपमान वगैरे गांधीजींचा मुद्दा त्या वेळी आठवला नाही. पुढे नातीने 'गूंज'विषयी सांगितलं, की 1999 मध्ये अंशू गुप्तांनी सुरू केलेली ही संस्था गावकऱ्यांनी विहीर खोदली, रस्ता केला, की त्या श्रमांची दाद म्हणून कपडे देते. आबाजी खुर्चीत सरळ बसले. काम आणि कापड दोन्ही! 1921 पासून अडलेला हिशेब सुटला. त्यांनी आणलेल्या शालीच्या बदल्यात अंगणातलं गवत लगेच उपटून टाकलं.

आबाजींचा खरा शत्रू मॉल नाही, मोबाइल नाही. आहेर आहे. नको नको म्हणत असताना प्रत्येक लग्नात कुणी तरी दुपट्टा-टोपी घालतं, शर्टपीस हातात कोंबतं. न शिवलेलं कापड म्हणजे जोड नव्हे, अशी सोयीची व्याख्या करून आबाजी ते ट्रंकेत ठेवतात आणि पुढच्या लग्नात कुणाला तरी देतात. सगळं वऱ्हाड हेच करतं. ब्लाउजपीसांचा तर हळदीकुंकवांतून याहून जोरात प्रवास चालतो. कुणी शिवत नाही, कुणी घालत नाही, पण मान राहतो.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर पुलगावला भाच्याच्या मुलाचं लग्न झालं. मांडवात आबाजींना कुंकू लावून एक आकाशी शर्टपीस दिला गेला. घरी येऊन त्यांनी घडी उलगडली. आतल्या कोपऱ्यात बारीक शाईने त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'आर्वी, 14-5-2009'. त्यांनी बाईंना हाक मारली, चष्मा पुसला, कापड उजेडात धरून उभं-आडवं पाहिलं. कसर नाही, डाग नाही, घडीवर जरासं पिवळं पडलेलं.

"आता तरी शिवून घ्या," बाई म्हणाल्या.

"शिवून?" आबाजी म्हणाले. "अवो, फागुनात सिंदीले लग्न हाय ना."