टनकाका

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत एसी घ्यायचा झाला तर आधी दुकानात जायचं नसतं. आधी बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर जायचं असतं. तिथे जे काका राहतात त्यांचं खरं नाव खाली टपालाच्या पेटीवर लिहिलेलं आहे, पण लहानथोर सगळे त्यांना टनकाका म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही.

काकांचा एसीच्या धंद्याशी काडीचा संबंध नाही. बँकेत कारकुनी करून ते निवृत्त झाले. त्यांच्या शाखेत एसी एकच, मॅनेजरच्या केबिनला. कोणी आतबाहेर केलं की दारातून जेवढी गार झुळूक येई तेवढी काकांच्या वाट्याची. पस्तीस वर्षं झुळकेवर काढलेल्या माणसाने पुढे त्याच विषयात पांडित्य मिळवावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

आणि हवाही त्यांच्या बाजूने आहे. एप्रिल-मेच्या दुपारी मुंबईत 34 असलं की आमच्याकडे खुशाल 40. खारा वारा येतो येतो म्हणतात, पण तोही बहुधा सीएसटीहून आमचीच लोकल पकडत असावा. संध्याकाळशिवाय पोचत नाही.

गिऱ्हाईक दारात आलं की काका आधी त्याला बसवतात आणि पत्रिका मागतात.

"खोली केवढी?"

"दहा बाय बारा."

"खिडकी?"

"पश्चिमेला."

काकांच्या कपाळावर पहिली आठी. "मजला?"

"शेवटचा."

इथे काका डोळे मिटतात. पश्चिमेला एवढा तर वास्तुशास्त्रवालाही घाबरत नाही. मग निकाल येतो. "एक टनात भागलं असतं रे. पण डोक्यावर स्लॅब तापणार. दीडच घे."

एकदा ए विंगमधल्या एका मावशींनी घाबरून विचारलं होतं, "दीड टन? आमच्या भिंतीला झेपेल ना हो?" काका त्या प्रश्नाची वीस वर्षं वाट बघत असावेत. टन हे एसीचं वजन नव्हे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी खेचण्याची ती ताकद, तासाला 12,000 बीटीयू, हे सगळं त्यांनी पाणीही न पिता सांगितलं. "म्हणजे असं समजा, दिवसभर एसी लावलात तर तुमच्या खोलीत दीड टन बर्फ वितळतोय!"

आतून काकूंचा आवाज आला, "आणि पुसायचा कोणी?"

ताऱ्यांवर काकांचं वेगळं प्रवचन आहे. पाच तारे बघून भुलू नका, लेबलावरचं साल बघा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि कालचा पाच तारेवाला आज चारावर येतो. दरांवरही त्यांची नजर असते. 22 सप्टेंबर 2025 ला एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. "थांब, दिवाळीआधी कमी होतोय," असं त्यांनी ऑगस्टमध्ये बजावूनही सी विंगच्या एका गृहस्थांनी त्याच आठवड्यात खरेदी उरकली. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये भेटले की काका नुसते हसतात. ते गृहस्थ हल्ली जिन्याने जातात.

पण काकांचं खरं रणांगण म्हणजे गॅस.

मेकॅनिक येतो, आउटडोअरला गेज लावतो आणि म्हणतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." याच वाक्यासाठी काका कोणाच्याही घरी, जेवणाच्या ताटावरूनही उठून येतात. "संपला? स्कूटरचं पेट्रोल आहे का तो? बंद नळीत फिरतो तो, जन्मभर तेवढाच राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय. आधी गळती दाखव." आणि खिशातून साबणाच्या पाण्याची बाटली निघते. हँडवॉशची जुनी बाटली, पंपासकट. नळीच्या नटावर फवारायचं आणि चष्मा वर करून बुडबुडे येतात का बघायचं. बुडबुडा आला की काकांच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद. चेष्टा सोडून सांगतो, या बाटलीने सोसायटीतल्या निम्म्या घरांचा दर उन्हाळ्याचा गॅसचा खर्च वाचवला आहे.

स्वतः काकांकडे मात्र जुना विंडो एसी आहे. सुरू झाला की पाचव्या मजल्यावर कळतं. रिमोट नाही, खटके आहेत. सगळ्या सोसायटीला इन्व्हर्टर घ्यायला लावणारा हा माणूस स्वतः का बदलत नाही, असं मी एकदा विचारलं. "तो बिघडत नाही रे," काका खिन्नपणे म्हणाले.

गेल्या मेमध्ये आमचा बिघडला. रात्री अडीच वाजता उशीवर टप टप. सकाळी काका टॉर्च घेऊन हजर. झाकण उघडून बराच वेळ आत बघितलं, नळीला हात लावला, स्वतःच्या कपाळाला लावला. "गॅस कमी आहे. त्यामुळे कॉइलवर बर्फ धरतो आणि मग तो वितळून गळतो. सरळ आहे." मला पटलं. काकांचं चुकलं तरी ते इतकं मुद्देसूद असतं की पटतंच.

मेमध्ये मेकॅनिक मिळणं म्हणजे गणपतीत कोकणचं कन्फर्म तिकीट. तो चौथ्या दिवशी उगवला, तोवर आम्ही उशाशी परात घेऊन झोपत होतो. विशीतला पोरगा. त्याने झाकण उघडलंच नाही. सरळ बाल्कनीत गेला, पाण्याच्या नळीचा माग काढत वाकला आणि कोपऱ्यातल्या कॅनमधून नळीचं तोंड बाहेर काढलं. नळी दोनदा गुळगुळ बोलली आणि अडलेलं सगळं पाणी भळाभळा लादीवर आलं.

"नळीचं तोंड पाण्यात बुडलं की आत हवा अडकते, पाणी उतरत नाही. मग घरात सांडणारच," तो म्हणाला. "कॅनच्या तळापर्यंत कोणी घातली होती ही?"

कोणीच बोललं नाही. एसीचं पाणी फुकट घालवू नकोस, लादी पुसायला साठव, आणि रात्री टपटप नको म्हणून नळी खालपर्यंत घाल, हे आदल्याच आठवड्यात कोणी सांगितलं ते बायकोला पाठ होतं. तिने काकांकडे बघितलं. काकांनी कॅनकडे बघितलं.

"मी वीस लिटरचा सांगितला होता," काका म्हणाले. "हा पाचाचा आहे."

पोरगा हात पुसून निघाला होता. काकांनी त्याला दारात गाठलं, खिशातून हँडवॉशची बाटली काढली आणि म्हणाले, "आलाच आहेस तर नट तेवढे बघून जा."