डेटाचा सातबारा

मार्च 2025मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय हिशेबाची नवी पद्धत मंजूर केली. तिच्या लेखी डेटा आता उत्पादित मालमत्ता. चीनमधल्या कंपन्यांना तर 1 जानेवारी 2024पासून तो ताळेबंदातही मांडता येतो.

आता वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगच्या शिवारात या. ई-पीक पाहणी 2021मध्ये राज्यभर आली, तेव्हापासून इथला शेतकरी सोयाबीन-तुरीचे फोटो काढून ही मालमत्ता पिकवतो आहे. मोबाइल त्याचा, नेटपॅक त्याचा, रेंज सापडेल तो धुरा त्याचा. पूर्वी पिकांच्या नोंदीचे हे काम तलाठी करायचे, पगार घेऊन. डेटाची किंमत तो तयार करायला आलेल्या खर्चावरून धरा, असे नवी पद्धत सांगते. मग धुऱ्यावर हात उंचावून रेंज शोधण्यात गेलेल्या दुपारी कोणत्या भावाने लावायच्या? तो रकाना कुणी आखलेला नाही.

बरे, आपणच भरलेली नोंद डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर परत पाहायची, तर उताऱ्याला 15 रुपये. सोयाबीनला निदान हमीभाव जाहीर तरी होतो. (मिळतो का, हे बाजार समितीत विचारा.) आता शेतकरी ओळख क्रमांकही आलाय. "भाऊ, आधार जोडा, गट नंबर जोडा." जोडतोय बिचारा.