मार्चअखेरची ग्रंथनिवड

महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. वाचनालयांना अनुदान मिळालं आणि अ, ब, क, ड असे वर्गही. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते. वाचलेली पानं मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी असतेच. पण अनुदानाचा हप्ता मार्चच्या तोंडावर आला, की काही ठिकाणी यादीआधी विक्रेत्याची सवलत वाचली जाते. व्यक्तिमत्त्व विकास, वास्तुशास्त्र, सुविचारसंग्रह... कपाट भरतं, तपासणी पार पडते.

शाळेच्या ग्रंथालयातही तीच तऱ्हा. तिथे ‘श्यामची आई’ हवीच. ती 1935पासून निर्धोक! बाकीची निवड मोठी माणसं करतात, वाचायचं मात्र मुलांनी. आणि पुस्तकांच्या जोडीला माहितीपट दाखवायचे म्हटलं, तर? शाळेचा प्रोजेक्टर निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलाय.