कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट

13 मार्च 2020 ला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की कोरोनामुळे आज मध्यरात्रीपासून मुंबई, नागपूर, पुणे, पिंपरी-चिंचवडच्या जिम बंद. आमच्या मोशीतल्या जिमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हलकल्लोळ उडाला. सगळ्यांत जास्त भडकले ते संक्रांतीनंतर जिमचं तोंडही न पाहिलेले सभासद. "शरीराची सवय मोडली तर जबाबदार कोण?" असा सवाल त्यांतल्या एकाने टाकला. रोज येणाऱ्यांनी मात्र हळूच विचारलं, डंबेल घरी नेता येतील का? मालकांनी नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मग ट्रेनर सकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर यायला लागला. वन बीएचकेमध्ये सोफा आणि टीव्हीच्या मधल्या पट्ट्यात बर्पी मारायच्या. तिसऱ्या उडीला खालच्या मजल्यावरच्या आजींचा फोन: "एवढ्या पहाटे काय कांडताय?" त्या दिवसापासून आमच्या विंगमध्ये उड्यांचे व्यायाम बिनआवाजी झाले, म्हणजे झालेच नाहीत.

खरी प्रगती केली ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. काका चाकणला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला. प्लँट बंद, तपासायला काही नाही, हात शिवशिवत होते. त्यांनी थेट गॅस सिलिंडर उचलायला घेतला. आत गॅस 14.2 किलो आणि रिकाम्या टाकीचं टेअर वेट वर लिहिलेलं. एवढं खात्रीचं वजन जिममध्येही मिळत नाही, असं त्यांचं मत. सकाळी रेग्युलेटर काढायचा, सिलिंडर हॉलमध्ये आणायचा, दोन्ही हातांनी उचलायचा. काकू तोवर चहाचं आधण घेऊन ओट्याशी उभ्या.

सुरुवातीला सिलिंडर जेमतेम गुडघ्यापर्यंत आला. पुढच्या आठवड्यात कमरेला लागला. महिना संपता संपता छातीपर्यंत! काकांनी एक्सेलमध्ये आलेख काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट'. लोकांनी टाळ्या पाठवल्या. ट्रेनरनेही पाठवल्या, त्याला फी हवी होती.

आणि नवा सिलिंडर आला. काकांनी हात घातला तर पुन्हा गुडघा! आता क्वालिटीचा माणूस असा सोडतो का? त्यांनी डायनिंग टेबलावर व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस मांडलं. झोप कमी झाली का? प्रोटीन कमी पडलं का? पाचव्या 'का'ला काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, ताकद नव्हती वाढत, गॅस संपत होता. चार माणसं दिवसभर घरात खातायत."

भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांची तऱ्हा निराळी. मे महिन्यात शटर अर्धं वर झालं, तसं आमच्या एका टर्नर मित्राने रिजेक्शनमधला शाफ्ट लेथवर चढवला. पकडीला नर्लिंग, कडांना चॅम्फर, अशी डंबेलची जोडी उतरवली. देखणी इतकी की त्याने ती शोकेसमध्ये ठेवली आणि उचलायला कुणालाच दिली नाही. त्याचे वडील जुने तालमीतले. ते म्हणाले, "जोर-बैठकांना काय मशीन लागतं?" पण त्यांचंही दुःख होतंच. त्या वर्षी चैत्र-वैशाखातल्या जत्रा झाल्या नाहीत, आखाडे झाले नाहीत, आणि घरातल्या फरशीवर कुस्ती खेळता येत नाही.

बाहेर पडायची सोय नव्हती. एप्रिलमध्ये पुण्यात बिबवेवाडीला मॉर्निंग वॉकला निघालेल्यांकडून पोलिसांनी रस्त्यातच योगासनं करून घेतली. व्यायाम केला म्हणून शिक्षा, आणि शिक्षा काय, तर व्यायाम! मेमध्ये दारूची दुकानं उघडली, तेव्हा भर उन्हात अंतर राखून तासन्‌तास उभे राहिलेले काही सभासद मी ओळखले. एवढा दम त्यांनी ट्रेडमिलवर कधी दाखवला नव्हता.

जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात बाहेर चालायला परवानगी मिळाली, आणि स्पाइन रोडवर मास्क हनुवटीला अडकवून अख्खी मोशी उतरली. जुलैत दहा दिवस पुन्हा सगळं कुलूपबंद. ऑगस्टमध्ये केंद्राने जिमना हिरवा कंदील दाखवला, राज्याने नाही दाखवला. अखेर 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, जिम उघडली. झुंबा नको, स्टीम नको, सॉना नको, अशा अटी होत्याच. मालकांनी लेग प्रेसला झेंडूची माळ घातली होती. एमआयडीसीतला माणूस दसऱ्याला मशीनला फूल वाहिल्याशिवाय हात लावत नाही.

काका पहिल्याच बॅचला हजर. सॅनिटायझर चोळून त्यांनी पंधरा किलोचा डंबेल उचलला, उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही बाजूंनी निरखला.

"काय झालं काका? जड आहे का?" ट्रेनरने विचारलं.

"ते नंतर बघू. आधी सांग, हा रोज एवढाच राहणार ना?"