बारक्या आठाचे काका

गुलमंडीवरच्या वाद्यांच्या दुकानात दुपारी चारनंतर डोकावलं, तर एक गृहस्थ हमखास दिसतात. पेटी विकत घेणार नाहीत, पण विकणाऱ्याला भाता कसा धरावा ते शिकवतील. सरकारी खात्यातून निवृत्त, काखेत लॅपटॉप, लॅपटॉपात म्युझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर. स्टाफ नोटेशनचा कसलाही कागद समोर आला की चष्मा वर ढकलून विचारणार, "आठ कुठंय?"

हा आठ म्हणजे ओळीच्या सुरुवातीला असणाऱ्या ट्रेबल क्लेफ या खुणेच्या शेपटीखाली लिहायचा बारका आकडा. लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली ऐकू येईल, एवढाच त्याचा अर्थ. टेनर आवाजाला तो लागतो, गिटारलाही लागतो. गिटारच्या कितीतरी छापील पुस्तकांत तो नसतोच, आणि कुणाचं काही अडत नाही. वाजवणाऱ्याला ते ठाऊक असतं. कॉम्प्युटरला नसतं, आणि काका कायम कॉम्प्युटरच्या बाजूने.

एका कॉलेजच्या गॅदरिंगसाठी सरांनी समूहगीत टाईप केलं. मुलग्यांच्या ओळीला साधाच क्लेफ लावलेला. प्ले दाबलं तर मुलगे मुलींच्याही वर किंचाळू लागले. काका म्हणाले, "आठ कुठंय?" सर बिचारे तालमीच्या वेळेत अडकलेले. म्हणाले, "आठ नको काका, मुलींना उशीर होतो, साडेसातला उरकू."

गिटारवाल्या पोराची गोष्ट याहून भारी. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. पोराने तिचे सूर पियानोच्या ओळीवर लिहिले, म्हणून ती १६५ ला वाजली आणि गिटारची मँडोलिन झाली. काकांनी दीड तास घेतला. (चहा पोरानेच पाजला.) पोरगं घरी गेलं आणि धास्तीने दोन्हीकडून बंदोबस्त करून बसलं: वाद्याच्या सेटिंगमध्ये एक सप्तक खाली, वर क्लेफलाही आठ. गिटार थेट ४१ हर्ट्झला, म्हणजे कॉन्ट्राबासच्या खालच्या तारेवर जाऊन बसली. तेवढा खर्ज लॅपटॉपच्या स्पीकरला झेपतो कुठे? पडद्यावर सूर सरकताहेत आणि आवाज नाही. पोरगं लॅपटॉप दुरुस्तीला टाकून आलं.

लग्नकार्यात तर काकांना बोलावूच नये. क्रांती चौकात वरात ऐन रंगात असताना ते क्लॅरिनेटवाल्याच्या कानाशी लागले: तुमचं वाद्य बी फ्लॅटचं, तुम्ही लिहिलेला सा फुंकता तेव्हा ऐकू येतो त्याच्या खालचा कोमल नी. क्लॅरिनेटवाल्याने जन्मात कागद बघून फुंकलेलं नाही. तो म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा, घोडी बिथरती."

इंग्रजी खुणांपुरतंच हे वेड असतं तर चाललं असतं. पण भातखंड्यांनीही आपल्या स्वरलिपीत सप्तकं टिंबांनीच दाखवलीत: मंद्राला स्वराखाली, तारेला स्वरावर. हाताने लिहिताना ठीक. कॉम्प्युटरवर मात्र तार सप्तकातला सा सरळ अनुस्वार घेऊन 'सां' होतो, आणि मंद्र गंधाराखाली टिंब दिलं की तो ग़ज़लेतला ग़ होऊन बसतो. शायर सिराज औरंगाबादींच्या गावात यावर कुणी हरकत घेऊ नये, काका घेतात. त्यांचा गंधार गंधारच राहायला हवा असतो. १९८८ पासून चालत आलेलं फिनाले हे नोटेशनचंच सॉफ्टवेअर २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा काकांनी त्या दिवशी पेटीला हात लावला नाही. ते सॉफ्टवेअर त्यांच्याकडे कधीच नव्हतं.

खरं तर सप्तकाचा घोळ आपल्या कानाला जाणवतसुद्धा नाही. गणपतीच्या आरतीत पुरुष खाली आणि बायका वर, एकाच चालीत एका सप्तकाच्या अंतराने गातात. आपण म्हणतो, काय सुरात आरती झाली! पेटीत तर खर्ज आणि नर हे दोन सूर एकाच पट्टीखाली नांदतात. काका त्या गर्दीतही तबकाकडे पाठ करून कोण कुठल्या सप्तकात आहे ते मोजत असतात. प्रसाद संपतो.

एवढं होऊनही त्यांना तोडून टाकता येत नाही, याला कारण शहागंजाकडचे एक म्हातारे क्लॅरिनेटवाले. पन्नासेक वर्षं वरातींपुढे चाललेले. लग्नाच्या जुन्या चाली त्यांच्या बोटांत आहेत, कागदावर एकही नाही. काका दर रविवारी त्यांच्याकडे जातात, ऐकतात, टाईप करतात. म्हाताऱ्यांचे पुढचे दात गेले. ओठांची पकड सुटली की क्लॅरिनेटचे वरचे सूर लागत नाहीत, म्हणून ते हल्ली सगळं एक सप्तक खाली वाजवतात आणि आपण खाली वाजवतोय हे सांगायला लाजतात.

काकांच्या ते पहिल्याच ओळीला लक्षात आलं असणार. गॅदरिंगच्या सरांना सळो की पळो करून सोडणारा हा माणूस तिथे मात्र अवाक्षर बोलला नाही. वाजवलं तसं उतरवून घेतलं, घरी आल्यावर सगळे सूर निवडले आणि कंट्रोल धरून वरचा बाण एकदा दाबला. चाल एक सप्तक वर गेली, तरुणपणी वाजायची तिथे. छापलेला कागद म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. काकांनी लॅपटॉपवर वाजवून दाखवला. म्हातारे म्हणाले, "हे माझंच." काका म्हणाले, "मग कुणाचं?"

अशा बावीस चाली झाल्या आहेत. तुमच्या गल्लीत कुणी जुने बँडवाले, सनईवाले असतील तर आधी फोनवर त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवा आणि मग काकांना गाठा. पैसे घेत नाहीत. चहा तुमचा, आणि संध्याकाळी दुसरं काही काम ठेवू नका.